चवलीपासून सुरुवात

जुन्या चांदीच्या नाण्यांचा छंद म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे मखमली पेट्या, लिलाव आणि लाखांचे आकडे येतात. आपल्या मंडळात मी हा विषय काढला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "घरचं वडिलोपार्जित काही आहे का रे?" नाही. शिकवण्यांतून महिन्याला हजारेक रुपये सुटतात, त्यातून बसभाडं आणि चहा वजा जाऊन जे उरतं त्यातच हे सगळं बसवायचं असतं. आणि ते बसतं. फक्त रुपयाच्या मागे न लागता चवलीपासून सुरुवात करावी लागते.

चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार, अधेली म्हणजे आठ. सोळा आण्यांचा रुपया. ब्रिटिश हिंदुस्थानचा १८३५ पासूनचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. जुन्या माणसांच्या तोंडी 'रुपयाभार' हे वजन येतं ते यातूनच. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. गुणाकार केला तर साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी होते. चवली त्याच्या आठवा हिस्सा: वजन १.४६ ग्रॅम, चांदी १.३४ ग्रॅम. हिशोबाच्या सोयीसाठी चांदी ग्रॅमला शंभर रुपये धरली, तर रुपयातली चांदी हजाराच्या वर जाते आणि चवलीतली जेमतेम एकशे चौतीसची. राणीचं तेच तोंड, तीच टांकसाळ, तोच काळ, फक्त नाणं नखाएवढं. चांदीची चवली १९१७ पर्यंत पाडली गेली, पुढच्या वर्षापासून ती तांबं-निकेलची झाली. तेव्हा व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज अशा तिघांच्या चवल्या मिळवायच्या ठरवल्या तर एक छोटासा, पण पुरा संच होतो.

दुसरी स्वस्त वाट म्हणजे १९४० ते १९४५ चे रुपये. महायुद्धात चांदी पुरेना म्हणून सरकारने १९४० मध्ये रुपयातली चांदी थेट निम्म्यावर आणली. वजन तेच, पण शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम. खोटी नाणी निघू नयेत म्हणून कडेच्या दात्यांमध्ये मधोमध एक खाच दिली. जरा हीणकस नाणं आहे, मान्य, पण इतिहास म्हणून मला ते शुद्ध रुपयाहून जास्त बोलकं वाटतं. लढाई युरोपात चालू आणि तिची झळ इथल्या माणसाच्या कनवटीला, हे त्या एका नाण्यात दिसतं. १९४६ मध्ये पावली-अधेली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. वाघाचं चित्र असलेला १९४७ चा रुपया पुष्कळदा 'चांदीचा' म्हणून गळ्यात मारतात. खिशात एक लोहचुंबक ठेवा. निकेल टपकन चिकटतं, चांदी चिकटत नाही.

जुनं साल म्हणजे दुर्मिळ, हा समज आधी काढून टाका. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ दिसलं की विकणारा आवाज खाली आणून भाव वर नेतो. पण १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल घातलेलं असायचं, त्यामुळे ते ढिगाने सापडतात. उलट १९३९ चा रुपया, जेमतेम आपल्या पणजोबांच्या काळातला, खरोखर दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच बाजारात दिसणारा १९३९ चा रुपया बहुतेक वेळा नकली असतो. आपल्यासारख्यांनी तिकडे बघूच नये. १९११ च्या रुपयाची गोष्ट मात्र गमतीची. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, ती नाणी मागे घेतली आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा साचा आला. भिंगातून दोन्ही साली शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

आता आपल्या शहराकडे. हैदराबादेत राहून चारमिनारचा रुपया नसणं म्हणजे इराणी चहा न पिण्यासारखं आहे. मीर महबूब अली खान यांच्या काळात, हिजरी १३२१ म्हणजे इसवी १९०३-०४ च्या सुमारास, यंत्रावर पाडलेलं हे नाणं आलं. चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. तिथे 'मीम' हे अक्षर असेल तर नाणं महबूब अलींचं, 'ऐन' असेल तर उस्मान अलींचं. उर्दू येत नसली तरी ही दोन अक्षरं ओळखायला पाच मिनिटं लागतात. वर ९२ हा आकडा दिसतो, तो साल नव्हे. अबजद पद्धतीने मुहंमद या नावातल्या अक्षरांची ती बेरीज आहे. साल हिजरीत असतं. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो: १३३० म्हणजे १९१२. आकड्यांत सात हा इंग्रजी व्ही सारखा आणि आठ त्याच्या उलटा, पाच म्हणजे उलटं बदाम. बस, एवढ्यावर काम भागतं.

या रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी हजारी ८१८, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम शुद्ध. इथे मला सगळ्यात आवडलेला हिशोब येतो. निजामाच्या राज्यात, म्हणजे मराठवाड्यातही, दोन रुपये चालायचे. आपला तो 'हाली सिक्का', म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रजांचा तो 'कलदार', कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. शंभर कलदार घ्यायला हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै मोजावे लागत. हा विचित्र आकडा म्हणजे सातास सहा हे प्रमाण. आता चांदी मोजा: सात हालींत ६४ ग्रॅम, सहा कलदारांतही ६४ ग्रॅम. भाव सरकारच्या रुबाबाचा नव्हता, धातूचा होता. हाली सिक्का १९५९ पर्यंत टिकला. घरात मराठवाड्याकडचं कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांना 'कलदार की हाली?' एवढं विचारून बघा, तासभर निघून जाईल.

साहित्य मंडळाच्या अंकात हे लिहायला मला संकोच वाटत नाही तो यामुळे. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो. बट्टा म्हणजे नाणं बदलताना सराफ कापून घेई ती रक्कम. 'हीणकस' म्हणजे हीण मिसळलेलं. 'पारखून घेणं', 'खणखणीत', 'खोटं नाणं' ही सगळी भाषा सराफाच्या पेढीवरून घरात आली. खणखणीत तर कानाने शिकता येतं. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकं टिचकवा. चांगल्या चांदीचा नाद लांबतो, शिशाच्या नकलीचा 'ठप्' होऊन मरतो. मात्र तडा गेलेलं किंवा कडी लावून दागिन्यात ओवलेलं अस्सल नाणंही नीट वाजत नाही, तेव्हा एकट्या कानावर विसंबू नये. लंबाड्यांच्या दागिन्यांतून निघालेली अशी डागाची नाणी संग्राहकांना नकोशी असतात. मी आनंदाने घेतो, कारण ती जवळजवळ चांदीच्या भावात मिळतात आणि कुणीतरी ती अंगावर वागवलेली असतात.

खरेदीला पुराना पुलाजवळचा जुमेरात बाजार आहे, पत्थरगट्टीतले चांदीवाले आहेत. बाजारात नकली माल भरपूर असतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा सोबत ठेवा. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण रुपया नऊ-साडेनऊ ग्रॅमचा भरला तर खाली ठेवून पुढे चला. कडेवर जोडाची रेघ दिसली तर ते ओतीव आहे. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८, दुसऱ्या बाजूला राम-सीता किंवा हनुमान असं नाणं कंपनीने कधीच काढलं नव्हतं. तो निव्वळ खेळ आहे, कितीही काळं पडलेलं असो. आणि 'तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा' असा निरोप आला तर पुसून टाका. अशा प्रकारांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे.

घरी आणल्यावर एकच नियम: घासू नका. चिंच, लिंबू, दंतमंजन काही नाही. काळपट थर गेला की नाण्याची कातडीच सोलल्यासारखी होते आणि ती परत येत नाही. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलं की हिरवा चिकटा धरतो. रबरबँडमधलं गंधक चांदी काळी करतं. साधी कोरी कागदी पाकिटं पुरतात, वर पेन्सिलीने तारीख, वजन आणि दिलेली किंमत लिहावी. आणखी एक: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या चुलतभावाला भेट म्हणून १९१२ चा रुपया देऊ नका.

मला घाई वाटते ती वेगळ्याच कारणाने. चांदीचा भाव चढला की सामान्य सालांची नाणी नाण्याच्या किमतीपेक्षा धातू म्हणून जास्त मोलाची ठरतात, आणि सराफाकडे मोड म्हणून आलेली पिशवी सरळ मुशीत जाते. दुर्मिळ नाण्यांना लिलाव वाचवतो, साध्या चवली-पावलीला कुणी नाही. म्हणून मी ओळखीच्या एका चांदीवाल्या चाचांना सांगून ठेवलंय की मोडीत चारमिनारचं काही आलं तर आटवण्याआधी एक फोन करा, चांदीच्या भावावर थोडं जास्त देईन. ते "अच्छा बेटा" म्हणतात, आणि खरंच करतात. आतापर्यंत दोन अधेल्या आणि पाच चवल्या अशा वाचल्या.

विकत घ्यायच्या आधी डोळ्याला सवय लागावी म्हणून सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत झालेलं संग्रहालय आणि पब्लिक गार्डनमधलं राज्य संग्रहालय, दोन्ही बघून या. मला सध्या 'मीम' असलेली पावली हवी आहे. कुणाच्या आजीच्या डब्यात असेल तर विकू नका, पण एकदा दाखवा.