वीज गेली, तरी खिळा सुटतो!

धुळ्याहून सुरतेला जाणारा महामार्ग कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडी, नवापूर असा पुढे गुजरातेत शिरतो. या रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्यांची दुकाने तुम्ही पाहिली असतील. दुकानाच्या कोपऱ्यात एक आडवी लोखंडी टाकी असते. तिच्यावर मोटार आणि पंप बसवलेला असतो. मोटार थोडा वेळ धडधडते आणि आपोआप थांबते. ती थांबलेली असतानाही ट्रकच्या चाकात हवा भरता येते, हे तुमच्या ध्यानात आले आहे काय?

हाच कॉम्प्रेसर आता सुतारांच्या कारखान्यातही येऊन बसला आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा यांसारख्या गावांत प्लायवूडची कपाटे, पलंग, सोफे करणारे मिस्त्री हातोडीऐवजी ‘गन’ वापरताना दिसतात. बारीक पिना मारणारी ती पिन गन, आणि मोठे खिळे मारणारी ती नेल गन. ‘फट्’ असा आवाज होतो आणि खिळा डोक्यासकट लाकडात गडप! औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाण्याचा तुमच्यापैकी कोणाचा विचार असेल, तर हे हत्यार एक दिवस तुमच्याही हाती येईल. म्हणून त्याच्या पोटात काय चालते ते आजच पाहू.

आधी एक सोपा प्रयोग करा. सायकलचा पंप घ्या, त्याचे हवा बाहेर येण्याचे तोंड बोटाने घट्ट दाबून धरा आणि दांडा खाली रेटा. दांडा जड जाईल. आता दांडा सोडा. तो उसळून वर येईल. तुम्ही केलेले काम हवेने साठवून ठेवले आणि परत केले. कॉम्प्रेसरची टाकी म्हणजे असाच दाबून धरलेला एक मोठा पंप होय. फरक इतकाच, की तो दाबून धरायला कोणाचेही बोट लागत नाही.

दाबलेल्या हवेकडून ठोकण्याचे काम करून घेण्याची युक्ती जुनी आहे. आल्प्स पर्वतात माँ सेनी येथे सुमारे १३ किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा खोदताना सोमेये या अभियंत्याने १८६१ मध्ये हवेवर चालणारी छिद्रयंत्रे कामाला लावली. वाफेचे इंजिन बोगद्यात नेले असते, तर धुराने माणसे गुदमरली असती. हवा बाहेर दाबायची, नळीतून आत न्यायची, यंत्र चालवायचे, आणि काम झालेली हवा कामगारांना श्वासासाठी मिळायची! १८७१ मध्ये तो बोगदा खुला झाला. खिळे ठोकण्याचे हत्यार मात्र बरेच उशिरा, १९५० च्या सुमारास, अमेरिकेत प्रचारात आले.

आता गणित करू. टाकीवरील दाबमापक दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब दाखवतो असे समजा. मोठ्या गनमधील दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे दट्ट्यावर सुमारे १४० किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. दोन धट्टेकट्टे गडी एकदम दट्ट्यावर उभे राहावेत तसे! दट्ट्या १० सेंटिमीटर सरकला, तर या बलाने केलेले कार्य सुमारे १४० जूल भरते. हवा प्रसरण पावताना तिचा दाब उतरतो, शिवाय घर्षण असते, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येईल. तरीही अर्धा किलोची हातोडी सेकंदाला ८ मीटर वेगाने आदळली, तर तिची गतिज ऊर्जा १६ जूलच असते, हे ताडून पाहा.

घोडा दाबला की टाकीतील हवा गनमध्ये शिरते, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे नाही. नळी जोडताक्षणीच गनचे पोट पूर्ण दाबाच्या हवेने भरते. दट्ट्याच्या डोक्यावर एक झडप असते. तिच्या वरच्या बाजूलाही तीच हवा दाबून बसलेली असते, त्यामुळे झडप बंद राहते. घोडा दाबला, की झडपेच्या वरची थोडीशी हवा बाहेर निसटते. वरचा दाब गेला, झडप उचलली गेली, आणि पोटातील हवा एकदम दट्ट्यावर कोसळली! म्हणजे घोडा दाबून आपण शक्ती आत घालत नाही, आधीच आत असलेल्या शक्तीचे दार फक्त उघडतो. खाली जाताना दट्ट्या आपल्यापुढची हवा एका लहान कप्प्यात कोंबतो, आणि तीच हवा त्याला पुन्हा वर ढकलते. रचना मोठी हुशारीची आहे.

आपल्याकडे वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. वीज जाते, मोटार थांबते, कारखाना शांत होतो. पंखा, करवत, ड्रिल सारे निर्जीव होते. गन मात्र होत नाही. टाकी ५० लिटरची आहे असे समजा. दाब ७ वरून ५ पर्यंत उतरेतो तिच्यातून बाहेरच्या दाबाची सुमारे १०० लिटर हवा मिळते. एका मोठ्या खिळ्याला अशी २ लिटर हवा लागते असे धरले, तर वीज नसतानाही ५० खिळे अगदी जोरात सुटतील! त्यानंतरचे थोडे दुबळे असतील, पण हाताच्या बोटाला तो फरक कळणार नाही. शिवाय मोटारीचे बटण चालूच राहिले असेल, तर वीज परत येताच ती कोणाला न विचारता सुरू होईल.

म्हणून खिळा अडकला, तेल द्यायचे झाले, खिळ्यांची पट्टी बदलायची झाली किंवा चहाला उठायचे झाले, तर पहिले काम एकच: गनपासून हवेची नळी सोडवायची. नुसते मोटारीचे बटण बंद करून भागत नाही. येथे एका लहानशा भागाकडे शिक्षकांनी मुलांचे लक्ष वेधावे. नळी जोडण्याच्या जोडाचे दोन भाग असतात. नळी सुटताच आपोआप बंद होणारा कपलर, आणि आरपार उघडी असलेली निप्पल. कपलर नळीच्या टोकाला आणि निप्पल गनवर हवी. तशी असली तर नळी काढताच गनच्या पोटातली हवा फुस्सकन निघून जाते. उलटी बसवली तर नळी काढल्यावरही गन भरलेलीच राहते. दिसायला फरक कवडीचा, पण एखाद्याचे बोट त्यावर अवलंबून असते.

अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात अशा गनमुळे जखमी होऊन दरवर्षी सुमारे ३७,००० लोक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आले. जखमा बहुधा हाताला आणि बोटांना होतात. गनच्या तोंडाशी एक सरकणारे लोखंडी नाक असते. ते लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. पण यातही दोन जाती आहेत. एकीत आधी नाक टेकवायचे, मग घोडा दाबायचा, आणि प्रत्येक खिळ्याला घोडा नव्याने दाबायचा. दुसरीत घोडा दाबून धरला, की नाक टेकेल तेथे खिळा. दुसरीने काम भरभर होते खरे. परंतु गन धक्क्याने उसळते, पुन्हा टेकते आणि नको असलेला दुसरा खिळा सुटतो. तिने जखम होण्याचा धोका दुप्पट असतो, असे तेथील पाहणीत आढळले. शिकाऊ मुलाच्या हाती पहिलीच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. काही मिस्त्री घाईसाठी ते नाक तारेने बांधून टाकतात. तशी गन दिसली तर हातही लावू नका.

खिळा सरळच जाईल असेही नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सागाची ओळख करून द्यायला नको. त्याच्या फळीत गाठ आली, की खिळा वळतो आणि कडेने बाहेर येतो. म्हणून फळी धरणारा हात वीतभर नव्हे, चांगला फूटभर दूर हवा, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. एवढे करूनही खिळा हातात घुसलाच, तर तो उपटू नये. या खिळ्यांना डिंक किंवा प्लास्टिक चिकटलेले असते, काहींना खाचा असतात. उपटताना जखम वाढते. खिळा तसाच ठेवून, हात न हलवता दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारावे.

कॉम्प्रेसर नादुरुस्त झाला म्हणून वेल्डिंगवाल्याचे ऑक्सिजनचे नळकांडे जोडण्याची ‘युक्ती’ कोणी सुचवील. ती जीवघेणी आहे. त्या नळकांड्यात दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅमच्या आसपास दाब असतो, आणि गनमधील तेल दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये भडकून स्फोट होतो. स्वयंपाकाच्या गॅसचेही तेच.

निगा राखायची तर मुख्य शत्रू पाणी. पावसाळ्यात नवापूरकडच्या हवेत दर घनमीटरला सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते. हवा दाबून तिचे आकारमान आठवा हिस्सा केले, की तेवढ्या जागेत सारे बाष्प मावत नाही आणि टाकीत त्याचे सांद्रीभवन होते. हजार खिळ्यांना २ घनमीटर हवा लागते असे धरले, तर टाकीत सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे सात चहाचे चमचे पाणी साचते. त्याने टाकी आतून गंजते, पत्रा पातळ होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गनमधील रबरी कड्यांवरचे तेलही धुतले जाते, म्हणून रोज काम सुरू करताना हवा शिरण्याच्या तोंडात हवेच्या हत्यारांसाठीच मिळणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब सोडतात. काही गन तेलाशिवाय चालणाऱ्या असतात. त्यांना सोडू नये.

घाट चढणारे जुने ट्रकचालक ब्रेकच्या हवेच्या टाकीतले पाणी सकाळी सोडून देतात, ते याच कारणासाठी. कॉम्प्रेसरच्या टाकीलाही तळाशी तशीच एक चावी असते. काम संपल्यावर दाब उतरवून मिस्त्री ती उघडतील तेव्हा खाली एक ताटली धरायला सांगा. दिवसभरात किती खिळे मारले ते विचारून घ्या, आणि ताटलीतले पाणी शाळेच्या मोजपात्रात मोजून वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. जुलैत एकदा मोजा आणि जानेवारीत एकदा.