काळीतले घर : भातकुली परिसरात बांधकामासाठी योग्य रचनाव्यावसायिकाची निवड

बीजशब्द : वास्तुविशारद, संरचना अभियंता, काळी माती, खारपाण पट्टा, नूतनीकरण

प्रस्तावना :

वऱ्हाडात गावाची जमीन 'काळी' आणि 'पांढरी' अशा दोन नावांनी ओळखली जाते. काळी म्हणजे शिवारातील शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. पूर्वजांनी पेरणी काळीत केली आणि घरे पांढरीवर बांधली. अलीकडच्या काही दशकांत गावठाण अपुरे पडू लागले, शेते अकृषक होऊन त्यांवर ले-आउट पडले आणि घरही काळीत आले. भातकुलीसारख्या नगरपंचायतीच्या गावी नोकरदार माणूस आयुष्याची पुंजी अशाच एखाद्या भूखंडात घालतो. ती पुंजी कोणाच्या हाती सोपवावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. महाविद्यालयांच्या बांधकाम समित्यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांनाही हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतोच.

जमीन आणि पाणी :

निवडीचा विचार माणसापासून नव्हे, जमिनीपासून सुरू व्हावा. पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजामुळे असे घडते. ही हालचाल दरवर्षी होत असल्याने उथळ पायावर उभे असलेले हलके, एकमजली घर वर-खाली होत राहते. भिंतींना तिरप्या भेगा पडतात, दारे पावसाळ्यात अडकतात. जड इमारतीपेक्षा हलक्या घराला हा त्रास अधिक होतो. त्यामुळे 'छोटेसेच तर घर आहे, इंजिनिअर कशाला?' हा युक्तिवाद येथे नेमका उलटा पडतो. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या स्तंभपायांची (अंडर-रीम्ड पाइल) पद्धत विकसित केली असून तिच्यासाठी भारतीय मानकही आहे. हा उपाय वापरायचा, की काळी माती काढून मुरमाचा भराव करायचा, की थेट मुरमापर्यंत उतरायचे, हे माती तपासल्याशिवाय कोणीही सांगू नये.

दुसरी अडचण खारपाण पट्ट्याची आहे. भातकुली, दर्यापूर या भागांत भूजल खारे आहे. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार सळई असलेल्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, सळई नसलेल्या काँक्रीटसाठी ही मर्यादा २००० आहे. बोअरवेलचे पाणी न तपासता वापरले, तर सळई आतून गंजू लागते. बाहेरून हे काही वर्षे दिसत नाही. दिसते तेव्हा स्लॅबचे पोपडे पडू लागलेले असतात. ज्या व्यावसायिकाने पहिल्याच भेटीत 'बांधकामाला पाणी कोठले?' असे विचारले, त्याला या भागाची जाण आहे असे समजण्यास हरकत नाही.

कोण कोणते काम करतो :

वास्तुविशारद जागेची रचना, उजेड, वारा, वापर आणि एकूण आराखडा पाहतो. संरचना अभियंता पाया, कॉलम, बीम व सळईची गणिते करतो. ठेकेदार ते उभे करतो. मराठीत आणखी एक गोंधळ आहे. 'वास्तुतज्ज्ञ' अशी पाटी लावणारा गृहस्थ पुष्कळदा दिशा आणि दोष सांगणारा असतो. त्याचा सल्ला घ्यावा की न घ्यावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मात्र त्याने नकाशावर सही करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. परंतु हे संरक्षण उपाधीला आहे, कामाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मधील निकालात स्पष्ट केले. नोंदणी नसलेली व्यक्तीही आराखडे करू शकते, फक्त तिला ती उपाधी लावता येत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक मागून तो परिषदेच्या यादीत पडताळणे ही मालकाची जबाबदारी ठरते. अभियंत्यांसाठी असा केंद्रीय कायदा नाही. त्यांच्या बाबतीत नियोजन प्राधिकरणाचा परवाना पाहावा लागतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत अशा व्यक्तींची पात्रता व कर्तव्ये नमूद आहेत. याच नियमावलीने लहान भूखंडांवरील कमी जोखमीच्या बांधकामांची परवानगी सुलभ केली. ही सोय स्वागतार्हच आहे, पण कार्यालयातील छाननी जितकी कमी, तितकी मालकाची निवड अधिक निर्णायक.

फुकटचा नकाशा :

'नकाशा आमच्याकडून, वेगळी फी नाही' असे ठेकेदार सांगतो, तेव्हा तो बहुधा मंजुरीपुरता नकाशा असतो. त्यात खोल्यांची मापे असतात. सळईचा तपशील, पायाची खोली, सांडपाण्याचा उतार नसतो. हे सर्व मग मिस्त्रीच्या अंदाजावर ठरते. शिवाय जो बांधतो तोच तपासतो, अशी स्थिती होते. प्रस्तुत लेखकाच्या मते स्वतंत्र देखरेख हाच फीचा खरा मोबदला आहे. करारात 'देखरेख' एवढा मोघम शब्द न ठेवता पायाची खोदाई, सळईची बांधणी आणि स्लॅब ओतण्याचा दिवस या वेळी प्रत्यक्ष हजेरी लिहून घ्यावी. फी खर्चाच्या टक्केवारीत असेल, तर खर्च वाढल्यावर फी वाढणार की नाही, हेही आधीच ठरवावे.

महाविद्यालयांत बहुधा सर्वांत कमी फीचे दरपत्रक स्वीकारले जाते. लेखापरीक्षणाची भीती हे त्याचे कारण. वस्तुतः सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये सल्लागार निवडताना गुणवत्ता व किंमत या दोहोंना भारांक देण्याची पद्धत मान्य आहे. ती वापरण्यासाठी निकष आधी लिहून ठेवावे लागतात, इतकेच.

जुन्या घराचे नूतनीकरण :

धाब्याच्या घरांची गोष्ट निराळी आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींतील ओल बाहेर पडत राहते. तिच्यावर सिमेंटचे प्लास्टर चढवले की ओल आत कोंडते, लोणा वर सरकतो आणि भिंत आतून भुसभुशीत होते. अशा भिंतींवर स्लॅब टाकून देण्याची तयारी पहिल्याच बैठकीत दाखवणाऱ्यापेक्षा, आधी भिंत टोकरून पाहणारा व्यावसायिक बरा.

व्यावसायिकाचे काम पाहायचे तर नव्या रंगाचे घर पाहू नये. तीन-चार पावसाळे सोसलेले, काळ्या जमिनीवरील घर निवडावे. तेथे वैशाखात जावे, भेगा तेव्हा उघड्या असतात. घरमालकाला स्लॅब ओतण्याच्या दिवशी इंजिनिअर हजर होता का, एवढे विचारावे. आपल्या करारातही फीचा शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतरच्या पाहणीपर्यंत राखून ठेवावा, आणि प्रत्यक्ष बांधले तसे नकाशे, पाण्याच्या व मातीच्या चाचणी अहवालांसह, त्याच वेळी ताब्यात घ्यावेत.