जुन्या कॉम्प्युटरसाठी फ्लॉपी शोधताय? आधी एवढं तपासा

काकांच्या दुकानातला जुना पीसी एक्सटी गेल्या दिवाळीत माझ्याकडे आला. त्यात हार्ड डिस्क नाही. सव्वापाच इंची डॉसची फ्लॉपी घातल्याशिवाय तो सुरूच होत नाही. अशी एकच फ्लॉपी उरली होती आणि ती मी घाईत घालवली.

झालं असं, की डब्यातल्या बाकीच्या फ्लॉप्या चालतात का बघू म्हणून एक ड्राइव्हमध्ये सरकवली. ती वाचली गेली नाही, म्हणून काढून डॉसची घातली. खरखर आवाज आला तरी मी दोन-तीनदा प्रयत्न केला. बाहेर काढली तर चकतीवर गोल ओरखडे! पहिल्या फ्लॉपीवरची बुरशी हेडला चिकटली होती आणि त्याच हेडने चांगली फ्लॉपी खरवडली.

आता नवीन फ्लॉपी कुठून आणणार? साडेतीन इंची फ्लॉपीची विक्रीसुद्धा सोनीने जपानमध्ये २०११ मध्ये थांबवली. मिळतो तो वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल. तो घेताना या गोष्टी बघा.

१. प्रकार जुळतो का?
सव्वापाच इंचीत मुख्य दोन प्रकार: ३६० केबीची डबल डेन्सिटी आणि १.२ एमबीची हाय डेन्सिटी. दिसायला सारख्याच, पण चुंबकीय थर वेगळा. पहिलीला साधारण ३०० ओरस्टेडचं चुंबकीय क्षेत्र पुरतं, दुसरीला सुमारे ६०० लागतं. एक्सटीच्या ड्राइव्हला तेवढा जोर नसतो. मी भंगारातून दहा हाय डेन्सिटी आणल्या, एकही धड फॉरमॅट झाली नाही. लेबलवर 'डीडी' किंवा '४८ टीपीआय' असेल तीच घ्या. साडेतीन इंचीत ओळखणं सोपं: दोन्ही कोपऱ्यांत भोक असेल तर १.४४ एमबी, एकाच कोपऱ्यात असेल तर ७२० केबी.

२. बुरशी आहे का?
मधल्या भोकात बोट घालून चकती हळूच फिरवा आणि लांबट खिडकीतून टॉर्चच्या उजेडात बघा. पांढरे ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालूच नका. संशय असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय दुसरी फ्लॉपी घालू नका.

३. फॉरमॅट नीट होते का?
फॉरमॅट झाल्यावर डॉसने बॅड सेक्टर दाखवले, तर ती फ्लॉपी महत्त्वाच्या कामाला वापरू नका.

४. कुठल्या ड्राइव्हवर लिहिली?
डॉसची फ्लॉपी मी मित्राच्या १.२ एमबी ड्राइव्हवर बनवली. तो ड्राइव्ह ८० ट्रॅकचा, एक्सटीचा ४० चा. म्हणजे त्याची रेघ बारीक. वापरलेल्या फ्लॉपीवर बारीक रेघेच्या कडेला जुनी रुंद रेघ उरते, एक्सटीचं हेड दोन्ही एकदम वाचतं आणि गोंधळतं. म्हणून अशा वेळी कोरी, कधीच न लिहिलेली फ्लॉपी वापरा. माझं काम तशीनेच झालं.

एक्सटी आता सुरू होतो. पण काकांनी स्वतः बेसिकमध्ये लिहिलेला बिलाचा प्रोग्रॅम त्या खरवडलेल्या फ्लॉपीवरच होता. तो गेला. "असू दे रे, दुकान तरी कुठे राहिलंय," काका म्हणाले. मला मात्र ते लागून राहिलंय.

म्हणून शेवटचं, खरं तर सगळ्यात पहिलं: जुनी फ्लॉपी हातात आली की आधी तपासा, हेड पुसा आणि चालवून बघण्याआधी तिची इमेज काढून ठेवा. ग्रीसवीझल नावाचं छोटं यूएसबी बोर्ड आणि एक जुना ड्राइव्ह एवढ्यावर हे काम होतं. कोरी फ्लॉपी शोधली तर सापडते, तिच्यावरचं लिहिलेलं पुन्हा सापडत नाही.