केस म्हणजे मळ नव्हे

वयात येताना काखेत, जांघेत व जननेंद्रियांभोवती केस येतात. याविषयी घरात कोणी बोलत नाही आणि वर्गात तो धडा घाईने उरकला जातो. वसतिगृहातील मुले मग परस्परांना विचारून उत्तरे शोधतात व पुष्कळदा इजा करून घेतात. म्हणून हा विषय या स्मरणिकेत संकोच न बाळगता मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

मुलींमध्ये साधारणतः ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात हे बदल सुरू होतात. ॲन्ड्रोजन ही संप्रेरके मुलांप्रमाणेच मुलींच्या शरीरातही तयार होतात आणि त्यांच्या प्रभावाने मऊ लवेचे दाट केस होतात. कोणाला ते लवकर येतात, कोणाला उशिरा. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलीच्या ओठावरील लवेवरून तिला चिडवणे किंवा मिसरूड न फुटलेल्या मुलाला हिणवणे हे निव्वळ अज्ञान होय.

याच वयात काखेतील व जांघेतील विशिष्ट घर्मग्रंथी कार्यरत होतात. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरील जीवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा दुर्गंधी येते. तिच्यावर उपाय म्हणजे रोजची आंघोळ, अंग नीट कोरडे करणे आणि धुतलेली अंतर्वस्त्रे. मुलांनी शिश्नाची पुढची त्वचा सहज सरकेल तेवढीच मागे घेऊन पाण्याने धुवावे. मुलींनी पुढून मागे धुवावे, योनीच्या आत साबण वापरू नये आणि पाळीत दर चार ते सहा तासांनी पॅड बदलावे. अंतर्वस्त्रे लाजेने इतर कपड्यांखाली दडपून न वाळवता उन्हात वाळवावीत.

केस काढणे आरोग्यासाठी आवश्यक नाही. जननेंद्रियांभोवतीचे केस त्वचेचे घर्षण कमी करतात. कोणास काढावेसे वाटल्यास कात्रीने आखूड करणे सर्वांत सुरक्षित. ब्लेडने केस अधिक दाट होतात हा गैरसमज आहे. कापलेले टोक बोथट असल्याने ते राठ भासतात एवढेच. मात्र ब्लेडने त्वचा कापते, पुरळ येते, केस आत वळून फोड होतात. दुसऱ्याचे ब्लेड कधीही वापरू नये. त्यातून काविळीचे ब व क हे विषाणू संक्रमित होऊ शकतात. टॉवेलही स्वतंत्र हवा, अन्यथा खरूज व नायटा खोलीभर पसरतो.

आपल्या समाजाला हा विषय इतिहासाच्या अंगानेही समजून घ्यावा लागतो. गावचा न्हावी अस्पृश्यांच्या केसांना हात लावत नसे. तेथे प्रश्न मळाचा नव्हता, जातीचा होता. ज्याला शुद्धाशुद्ध म्हणत, त्याचा स्वच्छतेशी काडीचा संबंध नव्हता. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत स्वच्छ राहण्याचा उपदेश केला, तो आत्मसन्मानासाठी. त्याहून कितीतरी आधी, विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या डोक्यावरील केसांची लांबी ठरवून दिली आहे. गुह्यभागीचे केस मात्र आजाराखेरीज काढू नयेत असे सांगितले आहे. संघालाही शरीराविषयी स्पष्ट बोलण्याची लाज वाटली नव्हती.

स्वच्छता हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. केस ठेवणे वा काढणे ही ज्याची त्याची निवड. हा भेद ज्या विद्यार्थ्याला कळला, तो स्वतःच्या शरीराची घृणा करणार नाही आणि दुसऱ्याच्या शरीराची थट्टाही करणार नाही. शिक्षकांनी व पालकांनी मुलांना एवढे तरी वेळेवर सांगावे, ही आमची विनंती आहे.