‘टाइम’चा स्पॅनिश तर्जुमा
ज्या ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी आली, तेथपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ‘टाइम’ हा इंग्रजी शब्द सर्वतोमुखी झाला आहे; परंतु स्पॅनिश भाषेत त्याचा तर्जुमा करताना प्रवासास लागणारा वेळ अभिप्रेत असल्यास ‘तिएम्पो’, गाडी सुटण्याची वेळ विवक्षित असल्यास ‘ओरा’, आणि ‘दोन वेळा’ अशी गणना असल्यास ‘वेसेस’ योजावे लागते. हाच भेद मराठीने केवळ लिंग-वचनांच्या बळावर राखला आहे, ही मला मोठी संपत्ती वाटते. सबब डोंबिवलीच्या विद्यार्थ्याने इंग्रजी वाक्य प्रथम मराठीत उतरवून पाहावे, म्हणजे अर्थाचा खुलासा आपोआप होतो. उलटपक्षी ‘एस्तासिओन’ या एकाच स्पॅनिश शब्दात स्थानक आणि ऋतू दोन्ही सामावतात. फलाटास मात्र ‘आंदेन’ असा स्वतंत्र शब्द आहे.