सातपुड्याची झाडे : सालई आणि तिचे बेटावरचे भाऊबंद

गेल्या आठवड्यात धावड्याचा डिंक पाहिला. तो पाण्यात विरघळतो आणि बाळंतिणीच्या लाडवात जातो. सालईच्या चिकाची जात वेगळी. त्यात डिंकासोबत राळ असते आणि उडून जाणारे तेलही. त्यामुळे पाण्यात तो नुसता दुधाळ होतो, निखाऱ्यावर मात्र सुगंधी धूर देतो. पांढुर्णा-सौसरकडच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर हे झाड वाढते. साल राखी-हिरवट, पापुद्र्यांनी सुटणारी. पाने गळाली की उघड्या फांद्यांवर बारीक पांढरी फुले येतात. चरकसंहितेतली शल्लकी ती हीच, आणि सांधेदुखीवरच्या आजच्या गोळ्यांतही तिचाच चीक असतो.

सालईचे शास्त्रीय नाव बॉस्वेलिया सेराटा. ते पहिल्यांदा छापले गेले १८०७ साली, हेन्री टॉमस कोलब्रुक यांच्या लेखात. संस्कृतचे हे मोठे अभ्यासक त्याआधी काही वर्षे, १७९९ ते १८०१, नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी कंपनीचे वकील होते, आणि आपला हा मुलूख तेव्हा भोसल्यांकडेच होता. पाश्चात्त्य बाजारातला लोबान हिंदुस्थानी सालईचाच, असे कोलब्रुक यांनी त्या लेखात मांडले. ते खरे नव्हते. तो लोबान अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरच्या, सालईच्याच कुळातल्या झाडांचा होता.

हा गुंता सोडवण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८७० साली या कुळावर निबंध लिहिला. त्यात एका जातीला त्यांनी गव्हर्नर फ्रिअर यांचे नाव दिले आणि दुसरीला आपल्या डॉ. भाऊ दाजी लाडांचे : बॉस्वेलिया भाऊ-दाजियाना. पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही दुसरी जात वेगळी मानली नाही. तरी कुष्ठरोगावर देशी वनस्पतींचे औषध शोधणाऱ्या एका मराठी वैद्याचे नाव लोबानाच्या झाडाला मिळाले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असावे, याची मला खंत वाटते.

या कुळाचे सर्वांत नवलाचे घर म्हणजे अरबी समुद्रातले सोकोत्रा बेट. १८८० साली आयझॅक बेली बाल्फोर तिथे गेले आणि जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या लोबानाच्या जाती घेऊन आले. छत्रीसारख्या माथ्याच्या, रक्तासारखी लाल राळ देणाऱ्या तिथल्या झाडाला ड्रॅसिना सिनाबारी हे शास्त्रीय नावही त्यांनीच दिले. आज तिथे जुनी झाडे दिसतात, पण त्यांच्याखाली रोपे जवळजवळ नाहीत. उगवलेले रोप शेळ्या खातात. नोव्हेंबर २०१५ मध्ये चपला आणि मेघ ही दोन चक्रीवादळे आठवड्याभराच्या अंतराने आली आणि कित्येक म्हातारी झाडे मुळासकट उलथली. त्यांची जागा घ्यायला तरुण झाड नव्हते.

आपल्या सालईचा विस्तार मोठा आहे, ती बेटावर कोंडलेली नाही. पण याच सातपुड्याच्या पायथ्याशी नेपानगरला वर्तमानपत्री कागदाची गिरणी निघाली, तेव्हा लगद्यासाठी सालईचेच लाकूड पसंत पडले होते. मऊ, जळणालाही बेताचे, म्हणून ती तोडताना फारसे कुणाला वाईट वाटत नाही. चीक काढतानाही तेच. चिरा उथळ आणि अरुंद असला, झाडाला मधूनमधून विसावा मिळाला, तर वर्षाकाठी किलोभर चीक देऊनही झाड टिकते. घाईने खोल घाव घातला की बुंधा पोखरतो. शिवाय बी फारसे रुजत नाही, आणि रुजले तर मोहफुले वेचण्यासाठी पाचोळ्याला लावलेली आग कोवळे रोप करपवते.

म्हणून सालईच्या जंगलात गेलात तर मोठी झाडे मोजू नका, गुडघ्याएवढी शोधा. मोहाखालची जागा जाळण्याऐवजी झाडून घ्या. आणि संत्र्याच्या बागेचा बांध मोकळा असेल, तर उन्हाळा लागताना, पालवी फुटण्याआधी, सालईची मनगटाएवढी जाड फांदी तिथे रोवा. ती फांदीपासून जगते.