दोन काठांमधील रेषा

चेन्नई शहरातून वाहत आलेली अड्यार नदी समुद्रानजीक येते, तेव्हा तिचे पात्र रुंदावते आणि तिचे काठ परस्परांस समांतर राहत नाहीत. या पात्राच्या बरोबर मधोमध जाणारी रेषा नकाशावर काढावयाची झाल्यास ती कशी काढावी?

प्रथमदर्शनी उपाय सोपा वाटतो. दोन्ही काठांवर सारख्याच संख्येने बिंदू घ्यावेत, ते अनुक्रमाने जोडावेत आणि त्या रेषाखंडांचे मध्यबिंदू सांधावेत. परंतु एक काठ सरळ व दुसरा वळणावळणाचा असेल, तर या जोड्या तिरप्या पडतात आणि रेषा कोठे एका, तर कोठे दुसऱ्या काठाकडे झुकते.

खरी मध्यरेषा, म्हणजेच मध्याक्ष, निराळ्या रीतीने ठरते. दोन्ही काठांस स्पर्श करणारे, पण कोणताही काठ न ओलांडणारे एक वर्तुळ कल्पावे. ते लहानमोठे होत पात्रातून सरकू लागले, म्हणजे त्याच्या केंद्राचा जो मार्ग उमटतो, तोच मध्याक्ष होय. हॅरी ब्लम या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६७ साली आकारांच्या वर्णनासाठी ही कल्पना मांडली. एकमेकींस छेदणाऱ्या दोन सरळ रेषांमध्ये कोनदुभाजक मिळतो. बिंदू व सरळ रेषा यांमध्ये अन्वस्त मिळतो.

संगणकास हे काम पुढीलप्रमाणे सांगता येते. एका काठावरील बिंदूपाशी लंब उभारावा. लंबावर केंद्र ठेवून त्या बिंदूस स्पर्श करणारे वर्तुळ वाढवीत न्यावे व ते दुसऱ्या काठास टेकताच थांबावे. तत्पूर्वीच ते पहिल्या काठाचा अन्य भाग ओलांडीत असेल, तर ते केंद्र टाकून द्यावे. ही तपासणी वगळल्यास रेषेत खोटे फास निर्माण होतात.

हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. शेजारी राष्ट्रांच्या सागरी हद्दीसाठी १९५८ च्या जिनीव्हा करारातील मध्यरेषाही उभय बाजूंच्या निकटतम बिंदूंपासून समान अंतरावरच मोजली जाते. चेन्नईच्या दक्षिणेस, पाल्कच्या सामुद्रधुनीत, भारत व श्रीलंका यांनी १९७४ साली सहा बिंदू जोडून आपली सीमा आखली. ती कच्चतीवू बेटाच्या पश्चिमेस एक मैलावरून जाते. ती ओलांडल्यास रामेश्वरमच्या कोळ्यांवर अटकेचा प्रसंग येतो. एखादे बेट काठ म्हणून धरले की मध्याक्ष सरकतो. मात्र ते धरावे की नाही, हे वर्तुळ सांगू शकत नाही. तो निर्णय गणितापूर्वी माणसांनाच घ्यावा लागतो.